साइड स्टँडचा तुटलेला बोल्ट आणि आट्यांचा इतिहास

सत्तरच्या दशकातील जुन्या बुलेटच्या साइड स्टँडचा बोल्ट तुटतो, तेव्हा तो सहसा त्या दिवशी तुटलेला नसतो. स्टँड ज्या बोल्टाभोवती फिरतो, त्याच्यावर दीडशे किलोहून जड गाडीचा कललेला भार असतो. नट जरासा सैल झाला की स्टँड डुलू लागतो आणि गाडी उभी करताना दर वेळी बोल्ट किंचित वाकून पुन्हा सरळ होतो. ताण एकवटतो तो आट्यांच्या खाचेच्या तळाशी. भेग तिथे पडते आणि आत सरकत जाते. तुटलेला तुकडा उजेडात धरला, तर एक भाग गुळगुळीत व काळपट दिसतो आणि दुसरा खडबडीत व चकचकीत. गुळगुळीत भाग जुन्या भेगेचा, खडबडीत भाग शेवटच्या क्षणाचा. धातूच्या या थकव्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी केला. त्यांच्यापुढे प्रश्न होता रेल्वेच्या तुटणाऱ्या आसांचा.

पण मालकाची खरी अडचण पुढे सुरू होते, नवा बोल्ट शोधताना.

समजा, जुना बोल्ट ५/१६ इंची आहे. कारखान्यातील बोलीत ‘अडीच सुती’. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाळेत कुणी हे माप शिकवत नाही, पण लेथवरचा प्रत्येक कामगार ते जाणतो.) ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो ८ मिलिमीटरचा. फरक सुमारे ०.०६ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीइतका. डोळ्यांना दोन्ही बोल्ट सारखेच. नवा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. मग पाना लावून जोर दिला जातो, बोल्ट आत घुसतो, आणि फ्रेममधले आटे मरतात. तुटलेला बोल्ट काही रुपयांत मिळतो. फ्रेम तशी मिळत नाही.

जाडी जवळपास सारखी असूनही आटे जुळत का नाहीत, याचे उत्तर १८४१ सालच्या इंग्लंडमध्ये आहे.

त्यापूर्वी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच, याची खात्री नव्हती. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यांनी अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला होता. त्यांच्या हाताखाली काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेले आणि त्यांनी देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले. त्यांनी आदर्श आटा शोधला नाही. जे वापरात होते त्याची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, शिखर आणि तळ दोन्ही गोलसर, आणि प्रत्येक जाडीसाठी इंचामागे आट्यांची संख्या ठरलेली. ५/१६ इंची बोल्टासाठी ही संख्या १८ होती. कुणाचाच बोल्ट पूर्णपणे बाद न ठरवणारा हा तोडगा होता आणि बहुधा म्हणूनच तो टिकला. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि रेल्वेसोबत तो साम्राज्यभर पसरला. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे लँकेशायरहून येत, म्हणजे व्हिटवर्थ यांच्याच मुलखातून. त्यांचे बोल्ट आणि पाने परळ-लालबागच्या कामगारांच्या हाती याच वाटेने आले.

व्हिटवर्थ पान्यांची एक गंमत आहे. त्यांच्यावर कोरलेला आकडा पान्याच्या जबड्याचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. ५/१६ लिहिलेल्या पान्याचे तोंड ५/१६ इंचाहून कितीतरी रुंद असते. नवशिक्या मिस्त्रीला हे कोडे उलगडेपर्यंत अनेक नटांचे कोपरे झिजलेले असतात.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे विल्यम सेलर्स यांनी वेगळा आटा मांडला: ६० अंशांचा कोन, सपाट शिखर, सपाट तळ. व्हिटवर्थचा गोलसर आटा पाडायला कुशल कारागीर आणि खास हत्यारे लागत. सेलर्सचा आटा साध्या कारखान्यातही पाडता येई. कुशल कामगारांची टंचाई असलेल्या अमेरिकेला हे सोयीचे होते. मात्र सपाट तळाला कोपरे येतात आणि भेग कोपऱ्यातून सुरू होते. तळ गोल असावा ही व्हिटवर्थची निवड, थकव्याचे शास्त्र जन्मण्याआधीची असूनही, योग्य दिशेची होती.

इंग्लंडमध्येही एकाच आट्यावर भागले नाही. १९०२ मध्ये सायकल उद्योगाने आपले बारीक आटे ठरवले, बहुतेक जाड्यांना इंचामागे २६. पातळ नळ्यांत जाड आटे पाडायला धातूच उरत नसे. १९०८ मध्ये व्हिटवर्थच्याच कोनाचे, पण बारीक असे आणखी एक प्रमाण आले. त्यात ५/१६ साठी २२ आटे. रेडिचच्या रॉयल एनफील्डने सायकलीपासून सुरुवात करून १९०१ मध्ये मोटरसायकल केली. अशा घराण्याच्या गाडीत जाड, बारीक आणि सायकलचे, असे तिन्ही आटे शेजारी नांदावेत, यात नवल नाही.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिने डेट्रॉईटच्या पॅकार्ड कंपनीकडे बनवायला दिली गेली. सुटे भाग परस्परांत बदलता यावेत म्हणून पॅकार्डने अमेरिकी आटे न वापरता ब्रिटिश आटेच ठेवले आणि ते पाडण्यासाठी टॅप व गेज स्वतः घडवले. युद्धानंतर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समाईक आट्यावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा, ६० अंश. मापे मात्र इंचातच राहिली, आणि १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने व्हिटवर्थचे आटे कालबाह्य मानून मेट्रिकला पहिली पसंती दिली.

भारतात हा गुंता उलट्या क्रमाने आला. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि पाठोपाठ बुलेट बनवण्याची हत्यारे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आली. हत्यारांसोबत ब्रिटिश आटेही आले. नेमक्या त्याच सुमारास, १९५६ मध्ये, संसदेने वजन-मापांच्या प्रमाणांचा कायदा करून देश मेट्रिकच्या मार्गावर नेला. म्हैसूरची जावा झेक वंशाची होती, पुण्याजवळच्या आकुर्डीतली बजाजची स्कूटर इटालियन. दोघींचे बोल्ट मिलिमीटरचे. बाजार त्यांच्या बाजूने वळला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, तरी त्याचे आटे मद्रासमध्ये पुढे कित्येक वर्षे पडत राहिले. हळूहळू मेट्रिक बोल्टही शिरले आणि एकाच बुलेटवर दोन्ही घराणी दिसू लागली.

म्हणून जाणता मिस्त्री आधी पिच गेज हातात घेतो. तुटका तुकडा आट्यांवर धरून तो आटे मोजतो: इंचामागे १८, २२, की २६. फ्रेममध्ये अडकलेल्या तुकड्यावर तेल सोडून, गरज पडल्यास थोडी आच देऊन, बरोबर मध्यावर पंच मारला जातो. मग बारीक भोक पाडून उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने तुकडा बाहेर काढला जातो. भोक मध्यावरून ढळले, तर फ्रेमचेच आटे कापले जातात.

आटे शाबूत असतील, तर त्याच मापाचा बोल्ट शोधावा किंवा लेथवर करून घ्यावा. वेळ जातो, पण गाडी जशीच्या तशी राहते. ते मेले असतील आणि भोवती पुरेसा धातू असेल, तर १० मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टासाठी टॅप मारतात. त्याआधी साडेआठ मिलिमीटरचे ड्रिल भोकातून आरपार जाते, आणि रेडिचहून आलेले ते आटे लोखंडाचा कीस होऊन जमिनीवर पडतात.