मुक्तस्रोत प्रकल्पातील लहान दुरुस्ती : एका ओळीचा प्रवास

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येतो, ती मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स आज्ञावली. ही व्याख्या आता बहुतेकांच्या परिचयाची झाली आहे. तिच्या पोटातील एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. मजकूर बदलण्याचा हक्क सर्वांना असला, तरी तो बदल मूळ प्रकल्पात सामावून घेण्याचे बंधन प्रकल्पावर नसते. स्वतःच्या संगणकावर कोणी काहीही बदलावे. तोच बदल इतर लाखो वापरकर्त्यांपर्यंत पोहोचावा अशी इच्छा असेल, तर तो रीतसर सादर करावा लागतो, त्यामागचे कारण पटवून द्यावे लागते आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या तपासणीतून पार व्हावे लागते. दुरुस्ती एका ओळीची असली, तरी या वाटेत सूट नसते.

अशा सादर केलेल्या बदलाला पॅच म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ठिगळ. आज्ञावल्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत, त्या काळी चुकीच्या छिद्रावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवला जाई. नाव तेथून आले. पुढे १९७०च्या दशकात युनिक्स प्रणालीत दोन मजकुरांतील फरक दाखवणारी ‘डिफ’ ही आज्ञावली आली आणि १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी तो फरक मूळ मजकुरावर आपोआप चढवणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लिहिली. काढलेल्या ओळीआधी वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीआधी अधिकाचे, आणि जागा ओळखता यावी म्हणून मागच्या-पुढच्या तीन-तीन ओळी, ही मांडणी आजही जवळजवळ तशीच वापरात आहे.

या साऱ्या पद्धतीचे सर्वांत शिस्तबद्ध रूप पाहायचे, तर ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले होते. आज त्या कर्नेलमध्ये साडेतीन कोटींहून अधिक ओळी आहेत. अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक फोन त्यावरच उभा आहे. साधारण ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत १० हजारांहून अधिक बदल असतात. त्यातील बहुतेक बदल मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते पाठवतात. परंतु दार सर्वांना उघडे आहे आणि नवख्यालाही तेच नियम लागू आहेत.

एका ओळीमागचा मजकूर

उदाहरणादाखल कर्नेलमध्ये वारंवार सापडणारी एक चूक घ्यावी. एखादे उपकरण सुरू करताना त्याचा ड्रायव्हर मेमरीचा काही भाग मागून घेतो. पुढच्या पायरीवर काही बिघडले, तर घेतलेली मेमरी परत करून मगच काम थांबवायला हवे. लिहिणाऱ्याने तेथे घाईत नुसते ‘रिटर्न’ लिहिले असेल, तर नळ चालू ठेवून घराला कुलूप लावल्यासारखे होते. एरवी काहीच जाणवत नाही. बिघाड वारंवार घडू लागला, की मेमरी गळत राहते. उपाय एका ओळीचा असतो : ‘रिटर्न’च्या जागी, मेमरी परत करणाऱ्या ओळींकडे नेणारी ‘गोटू’ ही सूचना. ती लिहायला अर्धे मिनिट पुरते. तिच्यासोबतचा मजकूर लिहिण्यात मात्र नवख्याची अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

या सोबतच्या मजकुराला कमिट संदेश म्हणतात आणि दुरुस्तीचे भवितव्य बरेचसे त्यावर ठरते. पहिली ओळ शीर्षकाची. कर्नेलच्या कोणत्या विभागातील बदल आहे ते आधी, मग विसर्गचिन्ह आणि नंतर बदलाचा सारांश. सारे मिळून ७०-७५ अक्षरांत. सारांशाचे क्रियापद आज्ञार्थी हवे, असा कर्नेलच्या नियमपुस्तिकेचा आग्रह आहे. ‘या पॅचमुळे मेमरी परत केली जाते’ असे न लिहिता ‘मेमरी परत कर’ असे लिहावयाचे, जणू लेखक मजकुरालाच हुकूम देत आहे. त्याखाली चूक कोणती होती, तिचा वापरणाऱ्यास कोणता त्रास होतो आणि उपाय कोणता, हे साध्या वाक्यांत सांगायचे. काय बदलले हे अधिक-वजाच्या चिन्हांवरून दिसतेच. का बदलले हे दिसत नाही. दहा वर्षांनी तीच ओळ पुन्हा उलगडून पाहणाऱ्यास हा संदेशच उपयोगी पडणार असतो.

चूक नेमक्या कोणत्या जुन्या बदलातून शिरली हे सापडले, तर ‘फिक्सेस’ या खुणेपुढे त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षक देतात. या एका खुणेमुळे जुन्या, अद्याप वापरात असलेल्या आवृत्त्यांत ही दुरुस्ती न्यावी की नाही, हे ठरवणे सोपे जाते. अशा आवृत्त्यांसाठीचा नियम बोलका आहे : पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा आणि तो बरोबर असल्याचे उघड दिसावे. लहानपणाचा येथे फायदाच होतो.

एका पॅचमध्ये एकच बदल, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला अवघड. मुद्रितशोधन करणाऱ्या कोणालाही यातला मोह ठाऊक असेल. एक वेलांटी सुधारता सुधारता शेजारचे वाक्य खटकते, मग परिच्छेद. आज्ञावलीत असे केले, तर तपासणाऱ्यास खरी दुरुस्ती आणि हौसेची साफसफाई वेगळी करता येत नाही, आणि पुढे काही बिघडल्यास केवळ दोषी भाग मागे घेता येत नाही.

शेवटी सही. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांपुढे नाव आणि ईमेल पत्ता लिहिणे हा शिष्टाचार नव्हे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधील काही मजकूर आपल्या मालकीचा असल्याचे म्हटले. तेव्हा कोणती ओळ कोणी, कोणत्या अधिकाराने दिली, याचा माग असण्याची निकड भासली आणि २००४ पासून ही सही रूढ झाली. सही करणारा असे प्रमाणित करतो, की हा मजकूर त्याचा स्वतःचा आहे किंवा तो या परवान्याखाली देण्याचा अधिकार त्याला आहे. निनावी योगदान स्वीकारले जात नाही. पॅच ज्या-ज्या हातांतून वर जातो, त्या प्रत्येकाची सही खाली जोडली जाते.

पाठवणे आणि थांबणे

कर्नेलचे पॅच अद्याप साध्या ईमेलने पाठवले जातात, याचे नव्या पिढीला नवल वाटते. जोडपत्र नको, रंगीत अक्षरे नकोत. पॅच पत्राच्या मजकुरातच हवा, म्हणजे तपासणाऱ्यास ओळीखाली ओळ टिपण लिहिता येते. ईमेलच्या अनेक सोयी टॅबच्या जागी नकळत कोऱ्या जागा भरतात किंवा लांब ओळ मोडतात, आणि मग पॅच चढतच नाही. त्यामुळे पहिला पॅच स्वतःलाच पाठवून पाहण्याची रीत शहाणपणाची. पाठवण्यासाठी ‘गिट’ या आज्ञावलीचीच सोय वापरतात. हे ‘गिट’ही टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये लिहिले, ते कर्नेलसाठी वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेल्यामुळे.

पॅच कोणाला पाठवायचा हे कर्नेलच्या मजकुरातच ‘मेन्टेनर्स’ नावाच्या फाइलीत नोंदलेले असते. विभागवार देखभालकर्ते ठरलेले आहेत आणि योग्य नावे काढून देणारी लहानशी आज्ञावली सोबत मिळते. ‘चेकपॅच’ ही दुसरी आज्ञावली समास, अंतरे, ओळीची लांबी अशा बाबी तपासते. तिचा शब्द अखेरचा मानू नये. तिच्या तक्रारी शोधून जुन्या मजकुरातील कोऱ्या जागा सुधारणारे पॅच पाठवणे हा नवख्यांचा आवडता उद्योग असला, तरी बहुतेक देखभालकर्त्यांना तो नकोसा असतो. अपवाद ‘स्टेजिंग’ या विभागाचा. तेथे कच्चे ड्रायव्हर ठेवलेले असतात आणि हात बसवण्यासाठी अशी साफसफाई चालवून घेतली जाते.

त्यानंतर थांबायचे. उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आठवडा होण्याआधी आठवण करू नये, असा संकेत आहे. नव्या आवृत्तीचे बदल एकत्र करण्याच्या दोन आठवड्यांत तर लहान पॅचकडे पाहायला कोणाला सवड नसते. उत्तर आले, तरी ते बहुधा प्रश्नाच्या रूपात येते : ही स्थिती खरोखर उद्भवते का, चाचणी कोणत्या यंत्रावर घेतली. मग सुधारलेली दुसरी आवृत्ती ‘व्ही २’ अशी खूण करून पाठवायची आणि काय बदलले ते तीन आडव्या रेघांखाली लिहायचे, कारण त्या रेघांखालचा मजकूर कायमच्या इतिहासात जात नाही. या देवाणघेवाणीतील भाषा एके काळी बरीच कठोर असे. खुद्द टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि त्याच सुमारास कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली.

बहुतांश इतर प्रकल्पांत ईमेलचा हा खटाटोप नाही. गिटहबसारख्या ठिकाणी प्रकल्पाची प्रत घ्यावी, बदल करावा आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवावी, एवढेच. मात्र वाट सोपी झाल्याने गर्दीही झाली. दर ऑक्टोबरमध्ये ठरावीक संख्येने बदल सादर करणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम २०१४ पासून चालत आला होता. २०२० मध्ये टी-शर्टसाठी माहितीपत्रकात एखादे विशेषण घालणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा असा लोंढा आला, की महिना सुरू होताच आयोजकांना नियम बदलावे लागले आणि केवळ तयारी दर्शवणारे प्रकल्पच मोजले जाऊ लागले. निरर्थक दुरुस्ती पाठवायला एक मिनिट लागते. ती वाचून, समजून, नाकारायला देखभालकर्त्याची पाच मिनिटे जातात. हा देखभालकर्ता बहुधा बिनपगारी असतो.

एका टिंबाची गोष्ट

लहान बदलांवर विश्वास किती तोललेला असतो, हे २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणात दिसले. माहिती दाबून लहान करणारी ही आज्ञावली लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संचात असते आणि वर्षानुवर्षे तिचा भार मुख्यतः लासे कोलिन या एका व्यक्तीने वाहिला होता. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये एका टोपणनावाने तिला पहिला पॅच आला. तो आज्ञावली लिहिताना समास कसे ठेवावेत, हे सांगणाऱ्या एका छोट्या फाइलीचा होता. त्यामागून आणखी पॅच आले, कामाचे, नीटनेटके. दुसऱ्या काही नावांनी पत्रे येऊ लागली, की काम फार रेंगाळते, दुसरा देखभालकर्ता नेमावा. हळूहळू त्या टोपणनावाकडे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार गेले.

२०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चाचणीसाठीच्या फाइलींमध्ये दडवलेली चोरवाट होती. दूरच्या सर्व्हरवर प्रवेश करण्याच्या सोयीलाच तिने हात घातला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले, त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघड केला. आवृत्त्या सर्वदूर पसरण्याआधी मागे घेता आल्या. टोपणनावामागे कोण होते, हे उघड झालेले नाही.

दुसऱ्याच दिवशी कोलिन यांनी केलेली एक दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. आज्ञावलीला सुरक्षित चौकटीत बांधणारी एक सोय संगणकावर आहे का, हे जुळणीच्या वेळी तपासणाऱ्या मजकुरात फेब्रुवारीमध्ये एका कोऱ्या दिसणाऱ्या ओळीवर एकच टिंब घातले गेले होते. त्या टिंबामुळे चाचणी नेहमीच फसे आणि ती सोय गुपचूप बंद राही. कोलिन यांच्या पॅचमध्ये वजाचे चिन्ह होते आणि त्यापुढे ते टिंब.

मराठीपुरते पाहिले, तर

आज्ञावली न लिहिणाऱ्या मराठी वाचकालाही या व्यवहारात जागा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद दाखवणारा अर्धा र मराठीत अर्थ बदलतो. युनिकोडमध्ये त्यासाठी ०९३१ क्रमांकाचे ऱ हे अक्षर आहे; परंतु साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतूनही तेच रूप उमटते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि शोध घेताना मात्र एक सापडते, दुसरे निसटते. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीहून निराळी. फाँटमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदलेली नसेल, तर हिंदी वळण उमटते.

अशी चूक आढळली, तर ती कोणत्या प्रकल्पाची हे आधी ठरवावे लागते. दोष फाँटचा असेल, अक्षरे जुळवणाऱ्या ‘हार्फबझ’चा असेल किंवा लिबरऑफिससारख्या वापरातील आज्ञावलीचा. तोच मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये आणि दुसऱ्या आज्ञावलीत उघडून पाहिला, की बरेचसे कळते. लिबरऑफिसने नवख्यांसाठी सोप्या कामांची वेगळी यादी ठेवली आहे. तेथे पहिला बदल देण्याआधी आपले योगदान प्रकल्पाच्या परवान्याखाली असल्याचे एकदाच लिहून द्यावे लागते. ‘मराठी चुकीचे दिसते’ एवढ्या तक्रारीवर कोणी काम करू शकत नाही. शब्द, त्यातील अक्षरांचे युनिकोड क्रमांक, फाँटचे नाव व आवृत्ती, दिसणाऱ्या आणि अपेक्षित रूपाची चित्रे द्यावी लागतात. शिवाय दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हेही एका वाक्यात लिहावे लागते, कारण ती तक्रार वाचणाऱ्याला देवनागरी येत असेलच असे नाही.