‘गिव्ह अप’चा जुना दाखला
‘गिव्ह अप’सारखी जोडक्रियापदे म्हणजे बोलण्यातली अलीकडची ढिलाई, भारदस्त लिखाणाला ‘सरेंडर’ किंवा ‘अबॅंडन’च शोभते, हा समज टिकणारा नाही. पीटरबरो मठाच्या बखरीत ११३२ सालच्या नोंदीत राजा पहिला हेन्री तिथल्या मठाधिपतीला पद सोडून देशाबाहेर जायला लावतो; तिथे सोडण्यासाठी हेच जोडपद आहे. नोंद ११५४च्या सुमारास लिहिली गेली, आणि लिहिणारा मठातला भिक्षू होता, बाजारातला गडी नव्हे. ते दोन्ही फ्रेंच वळणाचे शब्द इंग्रजीत रुळले याच्याही नंतर! अर्थ मात्र तेव्हा ठोस होता: हक्काची गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करणे. सवय सोडणे, आशा सोडणे हे पुढचे.

कोणी म्हणेल, तो मुलूख डेन लोकांच्या वस्तीचा, म्हणजे ही रचना नॉर्स भाषेची उसनवारी. नॉर्समध्ये तसा प्रयोग होता हे खरे, त्याने जोरही मिळाला असेल. पण क्रियापदानंतर ‘अप’, ‘आउट’ ठेवण्याची चाल जुन्या इंग्रजीतही होतीच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात या रूपांची मुद्दाम दखल घेतली, कारण परकीयांना तीच फार जड जातात. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते मात्र लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकानंतर.