नाट्यपदें आणि पडद्याचा डोळा

लोकप्रिय गाणीं हाताशीं असलीं म्हणजे चित्रपट आपोआप उभा राहतो, हा समज जितका जुना तितकाच फसवा आहे. त्याचें मराठींतील बोधप्रद उदाहरण म्हणजे १९३७ सालचा ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट. त्याची कथा मात्र नाशकापासून सांगावी लागते.

१९१३ सालीं नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, आणि त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. त्या मूकपटांत तारामती झाले ते अण्णा साळुंके; पडद्यावर येण्यास स्त्री तयार नव्हती. लवकरच फाळक्यांनीं आपला कारखाना नाशकास हलविला, आणि तेथें काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांस भूमिका दिल्या. रंगभूमीवर स्त्रीवेषाचा संकेत भरभराटींत होता. नाशकास तो पडद्यापुरता मोडला गेला.

रंगभूमीवर त्या संकेताचा कळस बालगंधर्वांनीं केला. त्यांची भामिनी, त्यांची रुक्मिणी यांसाठीं लोकांनीं रात्री जागविल्या. नट व प्रेक्षक यांमधील अंतर भ्रमास साह्य करी, आणि ‘वन्समोअर’चा पुकारा होतांच पद नव्या आलापांनीं पुन्हां फुले. तें पद गायक व श्रोते मिळून घडवीत.

१९३१ सालीं बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली. कर्जानें गांजलेले बालगंधर्व प्रभात कंपनीकडे वळले. १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’त शांतारामांनीं त्यांस एकनाथांची पुरुषभूमिका दिली, पण तो सहयोग पुढें चालला नाहीं. मग ‘अमृतसिद्धि’ नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ निघाला. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांसारखा जाणता कलावंत. पदें रंगभूमीवर गाजलेलीं. आणि मीरेच्या वेषांत स्वतः बालगंधर्व, वय सुमारें ४९. तरीही चित्रपट पडला.

प्रेक्षक कृतघ्न झाला, असें कांहीं रसिक म्हणत. आम्हांस तें मान्य नाहीं. रंगमंचावर जें अंतर मीरेचें रक्षण करी, तें कॅमेऱ्यानें नाहींसें केलें. जवळून दिसला तो प्रौढ पुरुषाचा चेहरा. चित्रफितींत पदाची लांबी एकदां ठरली कीं ठरली. ‘वन्समोअर’ देऊन तें वाढत नाहीं. लोक ज्या गंधर्वांस भेटावयास गेले, ते तेथें नव्हतेच. गाणें पडद्यावर गेलें, पण त्याचें घर रंगभूमीवरच राहिलें.

नियतीचा योग असा कीं, त्याच वर्षीं फाळक्यांचा ‘गंगावतरण’ पडद्यावर आला व तोच त्यांचा अखेरचा ठरला. ज्यांनीं पडद्याला वाचा नसतां तो जिवंत केला, त्यांसही बोलपटानें थारा दिला नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकासच त्यांचा अंत झाला.

म्हणून जुनीं नाट्यपदें पडद्यावर आणूंच नयेत काय? तसें नव्हे. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकावरील चित्रपट २०१५ सालीं यशस्वी झाला. कारण त्याच्या कर्त्यांनीं कथेची मांडणी कॅमेऱ्यासाठीं नव्यानें केली व जुन्या पदांच्या जोडीस नवीं गाणीं रचलीं. वारसा उचलून नुसता दुसऱ्या दारीं ठेवला, तर तो परका होतो. त्यास तेथें नवें घर बांधून द्यावें लागतें.