ख्रिस्ती खेळाडू आणि ‘रेस्ट’ संघ

* ख्रिश्चनांचा संघ : मूळ लेखातला हा उल्लेख सैल आहे. धर्मवार संघांच्या, मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत असा स्वतंत्र संघ नव्हता. १९३७ पासून उतरलेल्या ‘रेस्ट’ संघात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू असे सगळेच एकत्र खेळत. पंथभेद जाणवे तो शाळेत. कोणत्या चर्चच्या शाळेत नाव घातले, यावर मुलाला कोणते मैदान आणि कोणता खेळ मिळणार, हे बरेचसे ठरे. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस या जेझुइट शाळेने हॉकी जोपासली. ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो आणि विरेन रास्किना तिथलेच. ‘रेस्ट’कडून खेळलेले क्रिकेटपटू विजय हजारे मात्र सांगलीच्या मराठी प्रोटेस्टंट घरातले, शिक्षकाचे चिरंजीव, प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिकलेले.

मूळ लेखकाला बहुधा अभिप्रेत असलेला ‘रेस्ट’चा सामना डिसेंबर १९४३चा, ब्रेबर्न स्टेडियमवरचा. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘रेस्ट’ १३३ धावांत गारद झाला. फॉलोऑननंतरच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. तरीही ‘रेस्ट’ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

धर्मवार संघांना महात्मा गांधींनी १९४० मध्येच विरोध नोंदवला होता. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली. शाळेच्या संघात मुलाला जागा त्याच्या खेळावरून मिळावी, घरच्या पंथावरून नव्हे, हाच या इतिहासाचा धडा आहे. — संपादक