सभ्यता आणि एकेरी संबोधन

सभ्यता, सौजन्य, शिष्टाचार हे शब्द आपल्याला पाठ्यपुस्तकांतून आणि सुभाषितांतून भरपूर भेटतात. परंतु त्यांचा इतिहास लिहायचा झाला तर तो गावच्या चावडीपासून लिहावा लागेल. महाराने पाटील-कुलकर्ण्यांना वाकून 'जोहार' घालायचा. समोरच्यावर मात्र उत्तर देण्याचे बंधन नाही. साठीचा येसकर पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराला 'जी' म्हणे आणि ते पोर त्याला 'अरे' म्हणून, नावाला 'या' जोडून हाक मारी. माझ्या आजोबांचे पूर्ण नाव गावाने कधी उच्चारले नाही. ते फक्त मतदारयादीत होते. गावात सौजन्य नव्हते असे मी म्हणणार नाही. उदंड होते, पण ते सगळे आमच्याकडूनच वसूल होत होते.

म्हणून चळवळीने अभिवादन बदलले तेव्हा तो नुसता शब्दबदल नव्हता. 'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. हेच बाबू हरदास १९३७ साली मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. जोहार घालणाऱ्याची मान खाली असते. 'जयभीम'ला उत्तर 'जयभीम' असेच येते. म्हणणारा आणि ऐकणारा यांच्यात पायरी उरत नाही. सवर्णांना यात उद्धटपणा दिसला, अजूनही दिसतो. बरोबरीने बोलणे हाच जिथे गुन्हा, तिथे दुसरे काय दिसणार?

आधुनिक कचेरीत, शिकल्यासवरल्या माणसांत हे संपेल अशी आशा होती. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कीरांच्या चरित्रात नोंद आहे की शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच कागद फेकत आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. शिपाई पदाने कितीतरी खाली, तरी हुकूम चालला तो जातीचा. बरे, शिपाई अडाणी होते असे म्हणावे, तर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात काय घडले? तिथे बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिऊ नये अशी हरकत घेणारेही प्राध्यापकच होते! शिक्षणाने माणूस सुसंस्कृत होतो हा सिद्धांत त्या भांड्यापाशीच कोलमडला. पुढे १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी मांडले की लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नव्हे. सोबतच्या माणसांविषयीचा आदर हा तिचा पाया आहे. हा विचार लिहिणाऱ्याने कचेरी आणि स्टाफरूम दोन्ही आतून पाहिल्या होत्या.

नंतर कायदे झाले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेला अपमान शिक्षापात्र ठरवला. यातला 'लोकांदेखत' हा शब्द महत्त्वाचा. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना केलेली शिवीगाळ या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले. साहेबाच्या केबिनलाही चारच भिंती असतात. आजचा अपमान तर शिवीशिवायही भागवतो. मी नोकरीला लागलो त्या कॉलेजात सर्वांना 'सर' म्हणत, मला नुसत्या आडनावाने हाक मारत. याची तक्रार कुठल्या कलमाखाली करायची?

हे सगळे सवर्णांना ऐकवणे सोपे आहे. आपल्या बैठकीत समतेवर तासभर बोलून चहावाल्या पोराला 'ए' म्हणणारे कार्यकर्ते मी पाहतो. सफाई कामगार बाईंना एकेरीत कामे सांगणारे आपले अधिकारीही पाहतो. हेच आपले लोक घरी पोचतात तेव्हा बायको 'अहो' म्हणून दार उघडते आणि हे 'अगं' म्हणत पिशवी तिच्या हाती देतात. 'जयभीम' मात्र फक्त तिच्या भावाला घालतात.