मनोरा पोलादाचा का झाला?

विजेच्या मुख्य वाहिन्यांचे मनोरे पोलादी का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: पोलाद मजबूत म्हणून. मीही बरीच वर्षे हेच सांगत असे. जुन्या वाहिन्यांची वर्णने वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की निकाल पोलादाने लावलेलाच नाही. तो लावला चिनी मातीने.

१८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रांकफुर्टच्या विद्युत प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरून वीज आणली, ती लाकडी खांबांवरून. खांब सुमारे ३,०००, म्हणजे साठेक मीटरला एक. तारा तीन, तेव्हा चिनी मातीचे इन्सुलेटर नऊ हजारांच्या घरात, आणि त्यातला एखादा तडकला तरी वाहिनी बंद पडण्याची धास्ती. पंधरा हजार व्होल्टला हे निभावले. दाब वाढला तसा हिशेब फिरला. इन्सुलेटर मोठा व महाग झाला. त्यावर धूळ, ओल साचली की गळणारी वीज लाकडी आडवा दांडाच जाळू लागली. इन्सुलेटर कमी करायचे तर खांब दूर दूर हवेत. पण ताण तोच ठेवून अंतर दुप्पट केले, की तारेचा झोळ चौपट होतो. तेवढी उंच, वारा पेलणारी सरळसोट झाडे शेकड्यांनी आणायची कुठून?

विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोत ग्वानाह्वातोच्या खाणींसाठी ६०,००० व्होल्टची वाहिनी टाकताना अभियंत्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. त्यांनी शेतात पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचे मनोरे घेतले, शिकागोच्या एअरमोटर कंपनीचे. वरचे चक्र नाही, त्याजागी तारांचा दांडा. भाग सुटे न्यावेत, जागेवर बोल्टांनी जुळवावेत. आपल्या शिवारातला चौपायी मनोरा याच घराण्यातला.

१९०७ साली ह्यूलेट आणि बक यांनी टांगता इन्सुलेटर आणला: चकत्यांची माळ. दाब वाढला की माळेत चकत्या वाढवायच्या. माळ खाली लोंबणार, म्हणून मनोरा आणखी उंच. १९१५ मध्ये टाटांची वीज खोपोलीहून परळला आली ती पोलादी मनोऱ्यांवरून, लाखभर व्होल्टच्या दाबाने.

लाकूड हरले असे मात्र कुणी लिहू नये. अमेरिकेत दोन खांब जोडून केलेल्या लाकडी चौकटींवरून आजही लाख-दोन लाख व्होल्टच्या वाहिन्या जातात, आणि त्यांच्यावरही लोंबते ती तीच चकत्यांची माळ.