विकल्प-मूल्यनिर्धारण

विकल्प-मूल्यनिर्धारण : शेअर, चलन, कापूस यांसारख्या मूळ वस्तूच्या किमतीवर ज्याचे मूल्य अवलंबून असते, अशा आर्थिक करारास डेरिव्हेटिव्ह म्हणतात. विकल्प-करार हा त्याचा एक प्रमुख प्रकार होय. ठराविक मुदतीत ठराविक भावाने मूळ वस्तू विकत घेण्याचा वा विकण्याचा अधिकार त्यामुळे धारकास मिळतो. व्यवहार पुरा करण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नसते. मुंबईच्या जुन्या बाजारात खरेदीच्या अधिकारास ‘तेजी’ व विक्रीच्या अधिकारास ‘मंदी’ म्हणत. या अधिकाराचे आजचे मूल्य ठरविणे, हा येथील मूळ प्रश्न आहे.

त्याचे गणिती विवेचन फ्रेंच गणितज्ञ लूई बॅशेल्ये (१८७०–१९४६) यांनी १९०० मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात केले. भावांतील बदल यदृच्छ मानून त्यांनी संभाव्यताशास्त्राचा उपयोग केला; परंतु अर्थशास्त्रज्ञांचे त्याकडे सु. अर्धशतक दुर्लक्षच झाले.

१९७३ मध्ये फिशर ब्लॅक (१९३८–९५) व मायरन शोल्स (जन्म १९४१) यांनी आपले सूत्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मर्टन (जन्म १९४४) यांनी त्याच वर्षी त्या उपपत्तीचा विस्तार केला. विकल्पाच्या जोडीस योग्य प्रमाणात शेअर बाळगून ते प्रमाण सतत बदलत ठेवल्यास जोखीम नाहीशी होते. म्हणून अशा गुंतवणुकीवर निर्धोक व्याजाइतकाच लाभ मिळाला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. सूत्रास शेअरचा भाव, करारातील भाव, मुदत, व्याजदर व चढउतारांचे प्रमाण या पाच राशी लागतात. पहिल्या चार ज्ञात असतात, पाचवी अंदाजावी लागते. शेअरचा व करारातील भाव प्रत्येकी १०० रु., मुदत एक वर्ष, व्याजदर ५% असून लाभांश नसल्यास, चढउतार २०% धरता खरेदी-विकल्पाचे मूल्य १०·४५ रु. येते, ४०% धरता ते १८·०२ रु. होते.

शिकागो येथे १९७३ मध्येच विकल्पांचा संघटित बाजार सुरू झाला व हे सूत्र लवकरच हातात मावणाऱ्या गणकयंत्रांवर सोडविले जाऊ लागले. मुदतीपूर्वी केव्हाही बजावता येणाऱ्या विकल्पांस ते सामान्यतः अपुरे पडे. त्यासाठी कॉक्स, रॉस व रूबिन्स्टाइन यांनी १९७९ मध्ये द्विपद रीती मांडली. तीत मुदतीचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर भाव एक तर वाढेल वा उतरेल असे मानतात आणि अखेरीपासून मागे येत मूल्य काढतात. तत्पूर्वी १९७७ मध्ये फेलिम बॉइल यांनी संगणकाने असंख्य यदृच्छ भावमार्ग निर्माण करून त्यांची सरासरी घेणारी माँटे कार्लो रीती विकल्पांना लावली होती.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२·६% कोसळला आणि चढउतारांचे प्रमाण स्थिर असते या गृहीतास तडा गेला. मर्टन व शोल्स यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी १९९८ मध्येच बुडण्याच्या बेतास आला. तो सावरण्यासाठी १४ वित्तसंस्थांना सु. ३·६ अब्ज डॉलर घालावे लागले. प्रचंड कर्ज आणि एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या बाजारांची एकाच वेळी झालेली पडझड यांमुळे हे संकट ओढवले.

भारतात १९५६ च्या कायद्याने रोख्यांतील विकल्प-व्यवहार निषिद्ध ठरले होते. ही बंदी १९९५ मध्ये उठली व २००१ मध्ये मुंबईत निर्देशांकावरील विकल्पांचे व्यवहार सुरू झाले. संगणकाची आज्ञावली दिलेल्या गृहीतांवरून मूल्य बिनचूक काढते. गृहीतांची सत्यता मात्र ती तपासू शकत नाही. ती जबाबदारी आज्ञावली वापरणाऱ्याचीच राहते.